सारस नसलेलं गाव

“काल संध्याकाळी इथंच चरत होते, ताई,” इश्वर तळ्याच्या पाळीवर उभा राहून म्हणाला. “आज कुठं उडाले, देव जाणे.”

खोटं बोलायलाही अंगात कला लागते, बापा! इश्वरला ती नव्हती. त्याचे कान लाल झाले होते.

पुण्याहून आलेल्या रत्नमालाताईंनी हातभर लेन्सचा कॅमेरा खाली केला. ‘सारस होमस्टे’चा फोटो मोबाइलवर पाहूनच त्या करडीजवळच्या या गावात आल्या होत्या. होमस्टे म्हणजे इश्वरच्या घराची एक खोली. दारावरची पाटी त्याच्या बायकोनं, डिंपलनं, स्वतः रंगवली होती. लाल मुंडक्यांची जोडी, खाली निळं पाणी.

आणि सारस होते की! इश्वरच्याच शेतातल्या पाणी भरल्या बांधीत, भर धानात, मादी अंड्यांवर बसली होती. पण नवराबायकोचं ठरलं होतं. पिल्लं निघेपर्यंत कोणाला म्हणजे कोणाला दाखवायचं नाही.

मागच्या वर्षी दाखवलं होतं. एका पाहुण्यानं फोटो टाकला, गावाचं नाव टाकलं, आणि पाळीवर गाड्यांची रांग लागली. गाव हरखलं. चहाच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. पाहुण्यांना उडत्या सारसाचा फोटो हवा म्हणून गावच्याच पोरांनी ढेकळं फेकली. जोडी उठली आणि गर्दी हटेपर्यंत परतलीच नाही. तेवढ्यात कुत्र्यांनी अंडी खाल्ली. पुढं कितीतरी दिवस दोन्ही पाखरं रिकाम्या घरट्याभोवती ओरडत फिरली. इश्वरच्या घशाखाली घास उतरेना.

आता पाहुणे बंद करावे, तर डिंपलनं भंडाऱ्याची नोकरी सोडून ही खोली थाटलेली. नुसतं तळं आणि बदकं पाहायला येतील कोणी, अशी तिची आशा होती.

परतताना ताई दोन शेतांमधल्या धुऱ्यावर थांबल्या. “इश्वरभाऊ, सगळं शेत निंदलेलं आहे, मग मधेच तेवढ्या तुकड्यात गवत कसं?”

“मजूर नाही भेटले, ताई.”

नेमका तेव्हाच त्या गवतामागून तुतारी फुंकल्यासारखा आवाज घुमला.

“हे काय?”

“बँडवाले. प्रॅक्टिस करून राहिले. लग्नसराई हाय ना.”

“भाद्रपदात?”

इश्वरला मोठ्ठा खोकला आला. ताई त्याच्याकडे बघून हसल्या आणि चालू लागल्या.

इश्वरची नजर मात्र कुंपणावर खिळली होती. घरट्याच्या राखणीसाठी त्यानं बांधीच्या कडेनं बोराटीचे काटे लावले होते. त्या कुंपणाला एका जागी भोक पडलं होतं आणि चिखलात कुत्र्याचे पाय उमटले होते. शेजारच्या परसरामचं काळं कुत्रं, दुसरं कोण! भोक लगेच बुजवायला हवं होतं. पण ताई ओसरीवर खुर्ची टाकून दुर्बीण लावून बसल्या, आणि ओसरीवरून धुऱ्याची वाट सरळ दिसते. तिकडे काटे घेऊन निघालं, की त्या पाठीमागे येणारच.

“परसरामभाऊले सांगा ना जी, कुत्रं बांध म्हणून,” स्वयंपाकघरात डिंपल कुजबुजली.

“काहून बांधू, म्हणन तो. त्याचीच त चहाची टपरी हाय. साऱ्या गावाले सांगत फिरन.”

“मंग अंधार पडल्यावर जा.”

“अंधारात पाखरू बिचकन, घरट्यावरून उठन. त्यापेक्षा कुत्रं परवडलं.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ताई बाहेरून आल्या. बूट चिखलानं भरलेले, हातावर ओरखडे.

“तळ्याकडे गेले होते. घसरले,” त्या म्हणाल्या.

चहा देताना डिंपलच्या लक्षात आलं. “ताई, तुमचा हिरवा स्कार्फ?”

“पडला असेल कुठंतरी. जाऊ दे.”

जाऊ दे कसं! पाहुणीची वस्तू आपल्या घरी हरवावी, या विचारानं डिंपलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं गादी झटकली, खाटेखाली वाकून पाहिलं, न्हाणीघर शोधलं. स्कार्फ काही मिळाला नाही.

जेवून ताई निघाल्या. गाडीत बसता बसता त्यांनी दारावरच्या पाटीकडे बोट केलं. “डिंपल, ते चित्र पुसून टाक. लोक उगाच येतात.”

डिंपलचा चेहरा उतरला. तिनं तरीही हात जोडले.

गाडी दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळात तिचा मोबाइल वाजला. रिव्ह्यू आला होता. ती वाचू लागली, तसा तिचा आवाज कापायला लागला.

“‘पुष्कळ फिरले. या गावात सारस नाहीत. सारस पाहायला इथं कोणीही येऊ नये.’ एकच तारा देल्ला जी!” तिनं मोबाइल खाटेवर टाकला. “पाटवडीचा रस्सा मागून मागून खाल्ला बाईनं. त्याचं एक अक्षर नाही. माणसाले काही आतडं असते का नाही?”

“रडू नको. आपणच खोटं बोललो ना तिच्याशी? ती काय लिहीन मंग?” इश्वर तिच्याजवळ बसला. “खोली गेली त गेली. अंडे त वाचले.”

हे बोलला आणि त्यालाच धस्स झालं. वाचले का?

परसात तोडून ठेवलेले काटे उचलून तो धुऱ्यावरून धावत सुटला. गवताजवळ आल्यावर त्यानं पाय हळू केले. आत लाल मुंडकं हललं. मादी बसली होती. इश्वरचा जीव भांड्यात पडला, आणि तो वाकून कुंपणाचं भोक शोधू लागला.

भोक कुठंच नव्हतं. त्या जागी बोराटीच्या ताज्या फांद्या एकात एक खुपसून, हिरव्या स्कार्फनं गच्च बांधलेल्या होत्या.