सगळ्यात थोरलं माणूस

दवंडी झाली, सरपंच प्रत्येक गल्लीतल्या सगळ्यात वयस्क माणसाला घोंगडी पांघरवणार. मांगवाड्याला असा मान पहिल्यांदाच मिळत होता, म्हणून बनुबाई दारोदार भिरभिरली. पण साठीचं एक माणूस सापडेना. गुंडाचा बाप खोकल्यानं गेलेला, नाथाजीची आई बाळंतपणात. "आपली घोंगडी पाटलाच्या आळीला जायाची गं!" ती कळवळली. जाऊ हसली. "आवं जाऊबाई, पत्रीसरकारात लगीन झालेलं तुमचं. तुमच्यापरीस थोरलं कोन उरलंय हितं?" बनुबाईनं बोटांवर वर्षं मोजली. पंचेचाळिशीत, केस काळेभोर असतानाच, ती सगळ्या वस्तीत वडीलधारी होऊन बसली होती. तरी ठेवणीतलं लुगडं नेसून ती चावडीवर गेली, पाटलांच्या नव्वदीच्या आईशेजारी टेकली. आईसाहेबांनी डोळे बारीक केले. "पोरी, हितं म्हातारी माणसं बसत्यात. तुझ्या सासूला धाड." "सासू चाळिशीतच गेली, आईसाब. आता तिच्यापरीस मीच थोरली हाय."