दाबाची जुनी आवृत्ती

नवरीला चुडा भरताना इंदू कासारणीचा यांत्रिक हात मध्येच थांबला. मनगटावरच्या पडद्यावर ओळ उमटली, ‘दाबाची लायब्ररी सापडली नाही.’

“काल अपडेट झालाय,” सून रेवती लॅपटॉप उघडत म्हणाली. “नव्या आवृत्तीत माणसाचा हात दाबायला बंदी. दुखेल म्हणे.”

“न दाबता बांगडी चढते होय गं? मग पेटी आवरून घरी बसू?”

“दमा जरा, आत्याबाई.”

रेवतीने जुनी आवृत्ती शोधली. ती चालेना, तिला आणखी एक जुनी लायब्ररी, म्हणजे जोडीचा प्रोग्रॅम, लागत होती. रेवतीने तीही हुडकली, दोन्ही बसवल्या आणि अपडेटला कुलूप घातलं.

पोलादी बोटांनी नवरीचा पंजा आवळला. हिरवी बांगडी सरकन वर गेली.

“आई गं!” नवरी किंचाळली.

“झालं दुरुस्त,” रेवती म्हणाली.