हिरवा खडू

"हात लावायचा नाही, फक्त बघायचं," अरुणाने बजावलं, पण तोवर तिसरीच्या निम्म्या पोरांनी जाळीच्या पेटीला नाकं टेकवली होती.

पेटीत कढीपत्त्याची फांदी होती आणि फांदीला चिकटलेला हिरवागार कोष. कुणीतरी पेन्सिलीने फांदीला टिचकी मारली, तसा कोष चटकन हलला. सगळा वर्ग ओरडला. अदिती तेवढी ओरडली नाही. सुरवंट तिनेच आणला होता, सिंगापूरमधल्या तोआ पायोहच्या घरासमोर कॉरिडॉरमध्ये ठेवलेल्या कुंडीतून. कुंडी तिच्या आईची. आईला, अश्लेषाला, जाऊन जेमतेम महिना झाला होता.

अरुणा काही मुळातली शिक्षिका नव्हे. तिचं आयुष्य तांजोंग पगारच्या बँकेत गेलेलं. निवृत्तीनंतर ती रिलीफ टीचर, म्हणजे बदली शिक्षिका, म्हणून शाळेत येऊ लागली. सायन्सच्या बाई रजेवर गेल्या आणि हा आठवडा तिच्या गळ्यात पडला. जीवनचक्राचा धडा तिने रविवारी बसून घोकला होता. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. चार चित्रं आणि मधे बाण. यात अवघड ते काय, असं तिला वाटलं होतं.

अवघड होती ती अदिती. वर्गात ती तोंडच उघडत नव्हती. तिचा बाप विक्रांत जहाजावर इंजिनिअर. बायकोच्या आजारपणात जहाज सोडून आलेला. सोमवारी शाळा सुटताना त्याने अरुणाला फाटकापाशी गाठलं.

"ताई, घरीही बोलत नाही हो. फक्त त्या कोषाचं विचारते. पप्पा, निघेल ना? एवढंच."

"निघेल की. न निघायला काय झालं?"

विक्रांतने आवाज खाली आणला. "शेवटी हॉस्पिटलमध्ये अश्लेषाचा चेहरा पार काळवंडला होता. सगळे म्हणाले, पोरीला दाखवू नका. म्हणून शेजाऱ्यांकडे ठेवली तिला. बरं केलं ना मी?"

"बरंच केलंत. लहान जीव तो. त्याने कशाला बघायचं?" अरुणा म्हणाली. तिला मनापासून तसंच वाटत होतं.

मंगळवारी मुलांनी भिंगातून कोष पाहिला. बुधवारी चित्रं काढली. अदितीने कोष दोनदा काढला होता: एक हिरवा आणि शेजारी दुसरा काळाकुट्ट, खडू मोडेपर्यंत गिरवलेला.

दुःखातली मुलं काळा रंग फार वापरतात, असं शाळेच्या काउन्सेलर बाईंनी अरुणाला सांगूनच ठेवलं होतं. ती अदितीजवळ वाकली आणि हळूच मराठीत म्हणाली, "हा असा का गं काढलास, राजा?"

"तो असा होणार," अदिती म्हणाली. आठवड्यातलं तिचं वर्गातलं हे पहिलं वाक्य.

"नाही हं होणार. मी आहे ना." अरुणाने तिच्या हातात हिरवा खडू दिला.

अदितीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने काळ्यावर हिरवं गिरवू लागली. काळ्यावर हिरवं कुठलं उठायला! तरी ती गिरवत राहिली.

गुरुवारी मुलं गेल्यावर खिडक्या लावता लावता अरुणाची नजर पेटीकडे गेली आणि ती जागीच थबकली. कोष काळा पडला होता. तिने फांदीला टिचकी मारली. तो हलला नाही. पुन्हा मारली, जरा जोरात. काही नाही.

ती तिथेच मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. नवऱ्याच्या उशाशी रात्री काढलेली बाई ती. मरण ओळखायला तिला कुणी शिकवायला नको होतं. पण उद्या सकाळी ती पोर येणार, नाक टेकवून आत बघणार. महिन्याभरात दुसरं मरण. अरुणाने ठरवलं, हे काही तिला बघू द्यायचं नाही.

पर्समधली पेपरमिंटची पत्र्याची डबी तिने रिकामी केली, आत टिश्यू घातला, कोषासकट फांदीचा तुकडा खुडून अलगद ठेवला आणि झाकण दाबून बसवलं.

शुक्रवारी तिने वर्गाला सांगितलं, "मी सकाळी लवकर आले, तर फुलपाखरू बाहेर! पेटी उघडली तसं भुर्रकन खिडकीतून गेलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरं खिडकीकडे धावली.

"टीचर, बट द शेल व्हेअर?" कुशल नावाचा एक चौकस पोरगा म्हणाला.

"ते टरफलही वाऱ्याने उडालं." खोटं बोलायला लागलं की जीभ आपोआप सैल होते.

अदिती पुढे आली. "तुम्ही बघितलं? कुठला कलर?"

"काळा," पुस्तकातलं चित्र आठवत अरुणा म्हणाली. "त्यावर पिवळे ठिपके."

अदिती हसली. पुढचे दोन दात पडलेलं ते हसू पाहून अरुणाला वाटलं, या एका हसण्यापुढे आपलं खोटं माफ आहे.

संध्याकाळी विक्रांतचा फोन आला. "ताई, काय जादू केलीत? शाळेतून आल्यापासून बडबडतेय. कुंडीला पाणी घातलं आपणहून. म्हणते, आईने सांगितलं होतं, काळं पडलं की घाबरायचं नाही. अश्लेषा कधी असं बोलली, देव जाणे."

"बोलू द्या तिला," अरुणा म्हणाली. "रडली तर रडूही द्या."

फोन ठेवून तिने डोळे पुसले, एक जुना चमचा घेतला आणि डबी घेऊन इमारतीखाली गेली. जास्वंदीच्या झुडपाखाली छोटासा खड्डा केला. आता मातीत ठेवायचं, तर शेवटचं एकदा बघावं म्हणून तिने नखाने झाकण उचकटलं.

आत फुलपाखरू हळूहळू चालत होतं, काळं, पिवळ्या ठिपक्यांचं. डबीत पसरायला जागा न मिळालेले त्याचे पंख चुरगळल्या जागीच वाळून गेले होते.