बरोबरीचा हुद्दा

मेजर निंबाळकर दाराशीच खुर्ची ओढून बसले, तेव्हा रंगनाथरावांना त्यांचं कौतुकच वाटलं. मित्राच्या आईसाठी एवढ्या लांबून कोण येतं हल्ली?

सुहासिनीबाईंचं काही खरं नव्हतं. आजचा दिवस, फार तर उद्याचा, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. त्यांची एकच इच्छा उरली होती, आमोदनं शेवटपर्यंत हात धरून बसावं. आमोद त्यांचा आणि रंगनाथरावांचा एकुलता एक, हवाई दलात स्क्वॉड्रन लीडर. तो आला खरा, पण संध्याकाळच्या विमानानं परत निघायचंय म्हणाला.

वर साध्या शर्टात आलेला. आईला तुला गणवेशात बघायचं होतं रे, म्हटल्यावर गणवेश धुवायला टाकलाय म्हणाला. धन्य आहे!

तरी नर्सला ऐकवल्यावाचून रंगनाथरावांना राहवेना. हे मेजर लष्करातले, आमचा हवाई दलातला, तिन्ही दलांच्या एकाच ठाण्यावर असतात. दोघांचा हुद्दा एकाच पायरीचा, आरमारात त्यालाच लेफ्टनंट कमांडर म्हणतात. हे सगळं त्यांना लग्नानंतर बायकोनंच शिकवलेलं. सुहासिनीबाई घोरपडीला, फौजी वडिलांच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या. नर्स बरं म्हणाली आणि सलाईन बदलून गेली.

जोडी मात्र भारी होती. आमोद चहाला निघाला की मेजर निघत. आमोद तोंड धुवायला गेला की मेजर बाहेर उभे. फोनसुद्धा आमोद त्यांच्याकडूनच मागून घेई.

दुपारी सुहासिनीबाईंनी डोळे उघडले आणि आमोदचा हात धरला. आमोदकडे आणि मेजरांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. रंगनाथरावांना आता धीर धरवेना. त्यांनी पोटच्या पोराला हात जोडले, रजा वाढवून घे म्हणाले.

आमोदनं मान खाली घातली. "बाबा, माझ्या हातात नाही ते."

मग रंगनाथराव मेजरांकडे वळले. "साहेब, आपण त्याच्या बरोबरीचे. आपलं तो ऐकेल. आपण व्हा पुढे, त्याला राहू द्या इथे."

मेजर उठून उभे राहिले.

सुहासिनीबाईंनी आमोदचा हात हळूच सोडला.

"अहो, त्यांना नका गळ घालू," त्या म्हणाल्या. "अटकेतल्या अधिकाऱ्यावर पहाऱ्याला त्याच्या बरोबरीचाच अधिकारी देतात."