दुसरा उद्रेक

बिद्रीच्या फाट्यावर एसटीतून उतरलं की घरापर्यंतची पायवाट उभ्या उसातून जाते. हातांना ओढणी गुंडाळून पाती बाजूला सारत रूपाली पुढं आणि धाकटी श्रुती मागं, हा दोघी बहिणींचा शाळेपासूनचा क्रम. आज चालता चालता श्रुती एम.एस्सी.च्या सेमिनारची तालीम करत होती.

"सूर्यावर एकामागून एक दोन उद्रेक झाले, तर पहिल्याला वाटेतलं सगळं रेटत जावं लागतं. त्यात त्याचा वेग कमी होतो. दुसऱ्याला वाट मोकळी मिळते, म्हणून तो हिशेबापेक्षा लवकर पृथ्वीवर पोचतो."

"मग पहिला काय, दमून बसतो व्हय वाटंत?" रूपालीनं मागं न बघता विचारलं. श्रुती कॉलेजात गेली त्या वर्षी रूपालीनं बी.ए. अर्धवट सोडून शाहूपुरीतल्या दुकानात नोकरी धरली होती.

"न्हाय, आक्का. दुसरा त्याला गाठतो. मग दोघं एक होऊन जास्त जोरात धडकतात."

"बरं हाय की."

"बरं हाय न्हवं? मग सोमवारी रजा टाक. तुझं बी.ए. पुरं करता येतंय. मी विद्यापीठात विचारून आलोय."

रूपाली थांबली. "येडी हायस काय? माझी वाट कवाच बुजली."

 श्रुतीनं बहिणीच्या हातांवरची ओढणी सोडवून स्वतःच्या हातांना गुंडाळली आणि पहिल्यांदाच ती पुढं झाली.