उष्ट्या ओळी

आपला जुना विद्यार्थी गोरक्ष याच्या पत्राला लॅटिन शिकवणाऱ्या नृसिंहपंतांनी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवरून आलेलं पत्र, सोबत एक लॅटिन कविता. खंदकात शेजारी मेलेल्या सोबत्यावर लिहिलेली. पण ओळ न् ओळ रोमच्या जुन्या महाकवीची, इकडची तिकडे जुळवलेली. खाली विचारलं होतं, ‘सर, रोम ढासळत असताना असंच लिहिणाऱ्या कवींना तुम्ही वर्गात उष्टं खाणारे म्हणायचात. माझंही उष्टंच का?’ पंतांचं मन ठरेना. एखादा शब्द चुकीचा जाईल या भीतीनं उत्तर राहिलं, आणि मिरजगावला त्याच्या घरी तार आली, गोरक्ष लढाईत मारला गेल्याची.

आता त्याचा बाप आसाराम नगरला पंतांच्या ओसरीवर बसला होता. पटका काढून मांडीवर ठेवलेला. हातात तीच कविता. पोरानं घरीही धाडली होती.

“शाळंत त्याच्या नावाच्या दगडावर ही कोरायची हुती,” तो म्हणाला. “शाळंचं नवं सायेब म्हनलं, ह्यात पोराचं कायबी न्हाई, समदी चोरी. मास्तर, तुमी शिकवलं त्याला. माजं पोरगं चोर हुतं का?”

पंतांनी कागद घेतला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

“ही ओळ मुळात मेजवानीतली. पाहुण्यांनो, आणखी प्या, अशी. गोरक्षनं ती तहानेनं मरणाऱ्या सोबत्याला म्हटलीय.” ते घुटमळले. “मी जन्मभर शिकवली ही ओळ. कधी घसा कोरडा पडला नव्हता.”

“मंजी चोर न्हाई?”

“नाही. रोम ढासळताना लिहिणारे ते कवीही चोर नव्हते.”

आसारामनं कागद परत घेऊन त्याची घडी केली.

“मंग त्याला तसं लिवा.”

“आता? कुठं लिहू?”

“पल्टनीचा पत्ता हाय की.”

“अहो, पत्र परत येईल.”

“यिऊ द्या. धाडनाराचा म्हनून पत्ता माजा घाला. त्याच्या अंगावरचं कायबी घरला आलं न्हाई, मास्तर. त्याच्या नावाचं येवढं तरी यिऊ दे.”

पंतांनी दोनच ओळी लिहिल्या. लखोट्यावर गोरक्षचं नाव आणि पल्टन, मागं आसारामचं मिरजगाव. पोस्टाच्या पेटीपाशी त्यांचा हात अडला. एक शब्द बदलावासा वाटला.

आसारामनं लखोटा त्यांच्या हातून काढून घेतला, कपाळाला लावला आणि पेटीत सोडला.