दरडीतली दाढ

"हा माझ्या भावाचा जबडा हाय," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं टॉवेलाची गाठ टेबलावर सोडली.

सत्यभामा मॅडमनी चष्मा पुसला. अंबाजोगाईच्या कॉलेजात त्या एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवत होत्या. लोक त्यांच्याकडं मेलेले साप आणत, बिबट्याचे ठसे म्हणून कुत्र्याच्या पायांचे फोटो आणत. माणूस आजवर कुणी आणला नव्हता.

गहिनीनाथच्या मागं त्याची वहिनी मंगल उभी होती, आणि दाराशी तिची मुलगी वर्षाराणी, मॅडमचीच शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. काका सकाळी थेट पोलीस ठाण्यात निघाला होता. आधी आमच्या मॅडमना दाखवू, असं म्हणून तिनंच त्याला इकडं वळवलं होतं.

"कुठं सापडलं?"

"आमच्या रानात. औंदा मांजरा नदीला पूर आलता, त्यात काठाची दरड ढासळली. काल बांध बघाय गेलतो, तर ह्ये मातीतून वर आलेलं."

अभिमन्यू, त्याचा थोरला भाऊ, अकरा वर्षांपूर्वी नाहीसा झाला. ऊसतोडीची टोळी निघायला दोन दिवस होते. मुकादमाकडं जाऊन येतो म्हणाला, तो आलाच नाही. कारखान्यावर शोधलं, पुण्यात शोधलं, कर्नाटकात शोधलं.

"दारू प्यायचा," गहिनीनाथ म्हणाला, "पण मनानं लई चांगला. मला त्यानंच वाढवलं."

मंगलनं वाकड्या जुळलेल्या मनगटावर पदर ओढून घेतला. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं.

मॅडमनी जबड्याचा तुकडा उचलला. बोटभर लांब, काळपट. दोन दाढा दिसत होत्या, झिजून सपाट झालेल्या. त्यांनी त्या भिंगाखाली धरल्या. अशा दाढा त्यांनी माणसाच्या कवटीत पाहिल्या होत्या.

"बसा तुम्ही," त्या म्हणाल्या.

कुणी बसलं नाही.

मागच्या बाजूला चुनखडीचा कडक गोळा चिकटला होता. मॅडम सुईनं तो हळूहळू कोरू लागल्या. वर्षाराणी पाणी घालत होती. अर्ध्या तासानं गोळ्याचा एक कपचा निघाला आणि आतून तिसरी दाढ दिसली. पहिल्या दोन्हींहून लांब, आणि वर उंचवट्यांची दाटी.

मॅडम खुर्चीत मागं रेलल्या.

"हा माणूस नाही. हे डुक्कर आहे."

"डुक्कर?" गहिनीनाथचा आवाज चढला. "मॅडम, डुकराची दाढ काय आमाला कळत न्हाई?"

"भल्याभल्यांना कळत नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका मोठ्या शास्त्रज्ञानं असाच एक झिजलेला दात वानर-माणसाचा म्हणून जाहीर केला. पेपरात त्या माणसाचं चित्रसुद्धा छापून आलं. पाच वर्षांनी कळलं, तो दात पेकरीचा होता. डुकराच्या लांबच्या भावकीतला प्राणी, त्यातही कधीच नामशेष झालेली जात." त्यांनी तिसऱ्या दाढेवर सुई टेकवली. "माणसाची शेवटची दाढ लहान असते. ही बघा किती लांब. आणि हाताला वजन बघा. हाडाचा दगड झालाय. याला हजारो वर्षं लागतात, अकरा नाही."

"पक्कं?" मंगलनं विचारलं. इतक्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

"पक्कं."

"मंजी ह्ये पोरीचे वडील न्हाईत."

"नाहीत."

मंगल खाली फरशीवरच बसली. तिचे डोळे भरून आले. मॅडम उठल्या, तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आशा सोडू नका, ताई."

गहिनीनाथ भिंतीकडं तोंड करून रडत होता. "जित्ता हाय माझा भाऊ," तो पुन्हापुन्हा म्हणत होता. "वहिनी, जित्ता हाय दादा."

मॅडमना मात्र आता राहवत नव्हतं. असल्या दाढेची त्यांनी उमेदीची सगळी वर्षं वाट पाहिली होती. दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन त्या मांजराचा काठ धुंडाळत आणि रिकाम्या हातानं परत येत.

"आजच्या रानडुकराशीही ही जुळत नाही," त्या म्हणाल्या. "आता नसलेली जात असू शकेल. हा तुकडा माझ्याकडं राहू द्या. पुण्याला दाखवते. आणि सोमवारी मुलांना घेऊन तुमच्या रानात येते. दरडीपासून आत वीस फूट उकरू. सगळी माती चाळून काढायची, मूठभरसुद्धा सोडायची नाही."

"जरा थांबून आलं तर न्हाई जमायचं, मॅडम?" मंगल म्हणाली. "रानात तूर हाय. फुलावर आलीय."

"तुरीला धक्का लावणार नाही."

"अन् लागला तर लागला!" गहिनीनाथ डोळे पुसत हसला. "कावून अडवता, वहिनी? मॅडमनी माझा भाऊ परत दिला. मॅडम, सगळं रान खांदा. मी सोता येतो कुदळ घिऊन."

मॅडमनी त्याचा फोन नंबर घेतला. निघताना त्यांनी वर्षाराणीला बाजूला घेतलं. "आईला जप," त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं वाट पाहणं सोपं नसतं."

वर्षाराणीनं मान हलवली.

स्टँडवर केजची गाडी लागायला वेळ होता. सगळ्या गावाला पेढे वाटतो म्हणत गहिनीनाथ समोरच्या दुकानात गेला. मायलेकी कडुनिंबाखाली उभ्या राहिल्या. मंगलनं तो दुकानात शिरेपर्यंत वाट पाहिली, मग पदरानं तोंड पुसलं.

"सोमवारच्या आत," ती लेकीला म्हणाली, "तुझ्या बापाला तिथून हलवाय लागंल."